पुढच्या डाव्या चाकातला आवाज

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डाव्या कानाने ऐकू येत नसे. ही गोष्ट पेणमध्ये आमच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती. तरुणपणी ते खडी फोडायच्या यंत्रावर कामाला होते, तिथंच तो कान गेला. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. पाठीमागून कुणी हाक मारली की अण्णा स्वतःभोवती अख्खे फिरत आणि मग हसून वेळ मारून नेत. दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे चालून गेलं असतं. पण अण्णांचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं, आणि त्या धंद्यात निम्मं काम कानाचं. इंजिनाच्या आवाजाचं फार अडत नसे, तो समोरूनच येतो. अडायचं ते खालच्या कामात. चाकं, गाडी तोलणारे पोलादी पाटे, धक्का खाणारे शॉकअप, बुश, जॉइंट यांत. चालत्या गाडीखाली काहीतरी वाजतंय एवढं त्यांना कळे. पुढं की मागं, डावीकडे की उजवीकडे, ते कळत नसे. त्यासाठी त्यांना मी लागायची.

दहा-अकरा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर गाडीत बसायला लागले. गिऱ्हाईक पुढं अण्णांच्या शेजारी बसे आणि मी मागच्या सीटवर मधोमध. लोकांना वाटे, एकुलती एक पोर, लाडकी आहे, तिला मोटारीतून फिरायची हौस आहे. हमरापूरच्या रस्त्याला थोडं पुढं जाऊन आम्ही परत फिरायचो. त्या रस्त्याला सगळं होतं, खड्डे, चढ, वळण, गटारावरची उचललेली फरशी. मला दोन वेण्या असत. पुढचं डावं चाक वाजत असेल तर मी डावी वेणी पुढं घ्यायची, मागचं डावं असेल तर तीच वेणी पाठीवर टाकायची, उजवीकडचंही तसंच. अण्णा आरशातून बघायचे. गॅरेजात परत आलो की ते खाली उतरून दोन-तीन ठिकाणी उगाच हात लावायचे आणि मग नेमकं त्या चाकाशी जाऊन म्हणायचे, "हितं हाय बगा तुमचं दुखणं." गिऱ्हाईक चकित होई. अण्णा माझ्याकडं बघून डोळा बारीक करत. तेव्हा मला जो आनंद होई, तसा पुढं शाळेत पहिला नंबर आल्यावरसुद्धा झाला नाही.

हळूहळू ते मला बाकीचंही शिकवत गेले. मडगार्डवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला, होडीसारखी डुलत राहिली तर गेला. टायरवर डोळे मिटून तळहात फिरवायचा. आतली कड झिजलेली लागली तर चाक वरून आत झुकलंय, कुठंतरी ढिलाई आहे. प्रत्येक खड्ड्याला बारीक खडखड ऐकू आली तर मागच्या पाट्याचा बुश. एकच जड "टक्" आला, आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कण्हल्यासारखा आवाज आला, तर पुढच्या चाकाच्या खालचा जॉइंट. या जॉइंटविषयी ते पुन्हा पुन्हा सांगत. "हा फसवतो गो मालू. जॅक गाडीच्या चॅसीखाली लावलास तर स्प्रिंग त्याला दाबून धरते, चाक हलत नाय, आपल्याला वाटतं सगळं बरोबर हाय. जॅक चाक धरनाऱ्या आर्मच्या खाली लावायचा, तवा त्याची खरी ढिलाई दिसते. आनि हा सुटला ना, तर चाक आडवं होतं. मग ब्रेक बी नाय नि स्टेअरिंग बी नाय." हे सांगताना ते आपला पंजा मनगटातून मोडल्यासारखा खाली टाकून दाखवत.

आईला हे सगळं मुळीच आवडत नसे. आमच्या घरात पोह्याचे पापड होत. सकाळपासून उखळात पिठाचे उंडे कुटल्याचा धपधप आवाज, मग दुपारभर चार-पाच बायांची लाटणी, त्यांच्या बांगड्या, मिरी-हिंगाचा वास, आणि ओसरीपासून परसापर्यंत पसरलेल्या साड्यांवर वाळत घातलेले पापड. त्यांच्यावरून उडी मारून घरात शिरायचं ही मला लहानपणापासूनची सवय. शेजारी गणपतींचा कारखाना होता. तिथली पांढरी भुकटी वाऱ्याने आमच्याकडं येई म्हणून आई पापडांवर जुनी पातळं धरी. अशा घरात मी काळे हात घेऊन येणार. "एका पापडाला जरी तुजं काळं बोट लागलं ना," आई म्हणे, "तर आख्खं पेण बोलेल, हिच्या घरात गिरीस खातात." मग रॉकेल आणि तुसाच्या राखेने ती माझे हात घासून काढी. नखांच्या कडेची काळी रेघ मात्र कधीच जात नसे.

आईचं मला काही वाटत नसे. वाटायला लागलं ते शाळेत. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा बाईंना सांगितलं, हिला रॉकेलचा वास येतो, मला दुसरीकडं बसवा. बाईंनी तिला हलवलं. त्या दिवसापासून मी रस्त्यात अण्णा दिसले की दुकानाच्या आडोशाला व्हायला लागले. त्यांची ती मळखाऊ खाकी चड्डी, तेलाने चिकटलेले केस, हाक मारल्यावर भोवरा व्हायची ती तऱ्हा, सगळं मला नकोसं झालं. सतरा-अठराव्या वर्षी आईने फर्मान काढलं, "आता ती गॅरेजात जायाची नाय. उद्या कोण करील तिला?" अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणेन की मला जायचंय, असं त्यांना वाटलं असावं. मी आत निघून गेले. मला सुटल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी रोह्याचं स्थळ आलं. रोह्याला माझी मावशी होती, तिच्याकडंच मला दाखवलं होतं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा, घरची भातगिरणी, आणि दारात मोटार. ती मोटार म्हणजे मुंबईच्या कुणाकडून तरी घेतलेली, गोल बोनेटची, मोठी, चांगली जुनी गाडी होती. पण रोह्यात तेव्हा मोटारवाली घरं बोटांवर मोजण्याइतकी. मुलगा मला आवडला होता. बोलताना तो समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देई. मावशीकडं त्याने मला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला वाचायला काय आवडतं, आणि मी घाबरून काहीच आठवत नाही म्हटल्यावर, "मलाही आत्ता आठवत नाही," असं म्हणाला. त्यावर मी त्याच्यावर जीव टाकला, असं आज लिहायला या वयात हरकत नाही.

पुढचं ठरवायला ती मंडळी आमच्याकडं पेणला जेवायला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि धाकटी बहीण कुंदा. आईने पहाटेपासून वालाचं बिरडं, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, कोलंबीचं सुकं आणि नारळाच्या दुधातली खीर केली होती. अण्णांना तिने धुतलेलं धोतर नेसवलं. माझे हात स्वतः तपासले, माझा अंबाडा घातला आणि बजावलं, "मोटारीचा म पन काढायचा नाय. विचारलंच तर बोलायचं, मला त्यातलं काय कळत नाय." मी मान हलवली. तिने सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा मी माजघरात होते. गटारावरच्या फरशीवरून पुढची चाकं गेली आणि तो आवाज आला. एकच, जड, टक्. मग जागा लहान म्हणून त्याने उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं असेल, तर चाक कण्हलं. पुढचं डावं. मी पानं पुसत होते. मला काही विचार करावा लागला नाही, आपलं नाव ऐकू यावं तसं ते ऐकू आलं. आणि लगेच मी स्वतःला म्हटलं, नाही, मला यातलं काही कळत नाही.

जेवणं झाल्यावर मोठी माणसं पंचांग काढून बसली. कुंदाला गणपतींचा कारखाना बघायचा होता. सतरा वर्षांची, सडपातळ, एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. ती माझा हात ओढत बाहेर घेऊन गेली. कारखान्यात फळ्यांवर ओळीने न रंगवलेले पांढरे गणपती मांडलेले होते, ते बघून ती म्हणाली, "अगं, याला डोळेच नाहीत अजून!" आणि खळखळून हसली. परत येताना आम्ही त्यांच्या गाडीजवळ थांबलो. ती म्हणाली, "दादा सांगतो, ही डावीकडे ओढते. बाबा म्हणतात रस्ताच तसा आहे." मी पदर सावरायच्या निमित्ताने वाकले आणि पुढच्या डाव्या टायरवर तळहात फिरवला. आतली कड इतकी गेली होती की बोटाला आतलं कापड लागत होतं. टेकून उभी राहिल्यासारखं करून मी मडगार्डवर भार दिला आणि सोडला. खालून टक् असा आवाज आला. "काय गं?" कुंदाने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "पाय घसरला."

म्हणजे मला नुसती शंका होती असं नाही. मला माहीत होतं. हे मी इथं मुद्दाम स्वच्छ लिहिते आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा मी लहान होते, नीट कळलं नव्हतं. मला नीट कळलं होतं. त्या क्षणी मी मनात हिशेबही केला की असे जॉइंट कधी कधी महिना-महिना चालतात, रोहा काही लांब नाही, लग्न ठरलं की अण्णांना हळूच सांगू, ते गाडी मागवून घेतील. हाताला टायरचं काळं लागलं होतं ते मी परसात जाऊन मातीने घासून टाकली आणि मग खिरीच्या वाट्या विसळायला बसले.

निघायच्या वेळी सगळी गल्लीच्या तोंडाशी जमली. तारीख ठरली होती, आईचा चेहरा फुलला होता. कुंदा पुढं भावाच्या शेजारी बसली, तिला खिडकी हवी होती. गाडी सुरू झाली, मागं आली, वळली, आणि फरशीवर पुन्हा तो आवाज झाला. अण्णा चमकले. त्यांनी हात वर केला. "थांबा जरा. कायतरी वाजतंय."

मुलाने गाडी थांबवली. अण्णा धोतर सावरत दोन पावलं पुढं गेले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सवयीने त्यांची नजर माझ्या खांद्यावर आली, जिथं वेणी असायची. तिथं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारलं, "मालू, पुढनं कायतरी वाजलं का गो?"

गाडीतून मुलाच्या आईने मान बाहेर काढली. "तिला काय विचारता हो?" त्या हसून म्हणाल्या. आईची नजर माझ्यावर खिळली होती. तो मुलगा स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. आणि मला दिसलं की अण्णांच्या धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीतून बाहेर आलेल्या मनगटावर तेलाचा एक डाग राहिलाच आहे. मला त्या डागाची लाज वाटली.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "काहीच वाजलं नाही."

"तुमच्या पेणचा रस्ता वाजतो हो," मुलाचे वडील म्हणाले आणि सगळे हसले. अण्णाही हसले. त्यांचा माझ्या कानावर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या हातांवरही नव्हता. ते बाजूला झाले आणि गाडी गेली.

त्याच दिवशी पापड गोळा करायची वेळ होती, तेव्हा एक ट्रकवाला गॅरेजाशी थांबून सांगून गेला. गडब गावाच्या पुढं एक मोटार मोरीच्या कठड्यावर आदळून खाचरात गेली होती, रोह्याची माणसं होती. अण्णा तशाच धोतरावर सायकल घेऊन निघाले. आईने देवापुढं पाट मांडला. मी ओसरीवर पापड उचलत होते. एक उचलायचा, दुसऱ्यावर ठेवायचा, हात चालू होते. सासूसासऱ्यांना मुका मार होता, मुलाच्या कपाळाला खोक पडली होती. कुंदाच्या बाजूने गाडी कठड्यात शिरली होती. तिचा डावा गुडघा चुरा झाला होता. पेणच्या दवाखान्यातून तिला लगेच मुंबईला हलवलं, हे आम्हाला मागाहून कळलं.

अण्णा दिवेलागणीला आले. त्यांच्या हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. आई आत होती. त्यांनी ओसरीवर बसून चिंधी सोडली. जॉइंटचा गोळा होता, एका बाजूने पार खाल्लेला, आणि तो ज्या वाटीत फिरतो तिच्या फुटलेल्या कडेवर जुना गंज. ताजं मोडलेलं लोखंड चकाकतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. कठडा लागून चाक मोडलं नव्हतं. चाक मोडलं म्हणून गाडी कठड्यावर गेली होती. ते बराच वेळ तो गोळा हातात फिरवत राहिले.

"हा वाजला असनार," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता बोलले. "तुला आयकाया आला नसंल."

त्यांनी मला वाट काढून दिली की खरंच त्यांना तसं वाटलं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन वर्षं मी गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. कानाची सवय मोडली असेल असं त्यांना वाटणं शक्य होतं. "नाही आला," मी म्हटलं. एवढंच. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आता सांगून काय त्या पोरीचा पाय येनार हाय? तीन तास गाडी माज्या दारात उभी व्हती. मीच बगाया पायजे व्हती." त्यांनी गोळा परत चिंधीत बांधला आणि तो त्यांनी कुठं टाकला ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर अण्णांनी खालची कामं घेणं सोडलं. कुणी पाट्यांचं, शॉकअपचं काम आणलं की सांगत, दुसरीकडं न्या, मला आता ते जमत नाय. लोक म्हणायचे, म्हातारा दमला. पन्नाशीचेही नव्हते.

लग्न मोडणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मावशीने निरोप धाडला की तिथं रोह्यात बोलतात, मुलीचा पायगुण. आई रडून रडून आडवी झाली. आणि एके दिवशी सकाळी तो मुलगा एसटीने एकटाच आला. कपाळावरची जखम अजून ओली होती. ओसरीवर बसून त्याने अण्णांना सांगितलं, "मला मुलीशी दोन शब्द बोलायचेत, तुमच्यासमोरच." मी दाराशी येऊन उभी राहिले.

"समोरून बस आली," तो म्हणाला. "मी घाबरलो. ब्रेक जोरात दाबला आणि गाडी माझ्या हातातून गेली. दुसरा कुणी असता तर सावरली असती. माझ्या हाताने माझ्या बहिणीचा पाय गेला. ती आता सरळ चालणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ती जन्मभर आमच्याच घरी राहील. हे सगळं माहीत असताना तुम्ही हो म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. पण माझ्या तोंडून तुम्हाला कळायला हवं होतं."

अण्णा खाली बघत होते. मी बघत होते की ते बोलतात का, आणि ते बघत होते की मी बोलते का. शेजारच्या कारखान्यात कुणीतरी साच्यावर ठोकत होतं. एक वाक्य पुरेसं होतं. तुमचा ब्रेक नव्हे, जॉइंट. ते वाक्य मी बोलले असते तर तो त्याच क्षणी हलका होऊन उभा राहिला असता, आणि मग त्याने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, "माझा नकार नाही."

त्याचे डोळे भरून आले. आणि त्यानंतर महिनाभर पेणमध्ये जो तो माझं कौतुक करत होता. पोरगी म्हणजे सोनं, असल्या घरात कोण जातं, मन मोठं लागतं. ज्या मुलीने मला वास येतो म्हणून जागा बदलून मागितली होती, तिची आई माझी ओटी भरायला आली. मी वाकून नमस्कार करत होते आणि आशीर्वाद घेत होते.

संसार चांगला झाला, हे सांगितलं पाहिजे. हे स्वभावाने फार सरळ होते. गाडी भंगारात गेली. पुढं आमचा मुलगा कमवायला लागल्यावर घरात पुन्हा मोटार आली, पण यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. पेणला माहेरी जाताना एसटी गडब ओलांडायला लागली की चालू असलेलं बोलणं ते अर्ध्यात सोडत आणि गुडघ्यावर तळहात घट्ट दाबून बसत. मी खिडकीतून दुसरीकडं बघे. कुंदाने बालवाडी काढली. ती काठी घेऊन चाले, मुलं तिच्या मागून तशीच लंगडत चालून दाखवत आणि ती त्यांच्याबरोबर हसे. तिच्यासाठी दोन-तीन स्थळं आली, पाय बघून परत गेली, मग कुणी आणलीच नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने एका जागी बसून माझी मुलं सांभाळली. ती मला वहिनी म्हणायची आणि मी प्रत्येक वेळी ओ द्यायची.

मला बोलायचं होतं. आज सांगू, संक्रांत झाली की सांगू, मुलाची परीक्षा झाली की सांगू. अण्णा गेले तेव्हा वाटलं, आता तरी सांगावं, आता त्यांचं नाव खराब होणार नाही. पण तोवर इतकी वर्षं न सांगितल्याचंच एक वेगळं पाप जमा झालं होतं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं वाटायला लागलं होतं. शेवटच्या आजारपणात यांनी एकदा कुंदाला जवळ बोलावून तिचा हात धरला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी घाबरलो नसतो तर." मी पायाशी बसले होते. मी उठून औषध आणायला गेले. औषधाची वेळ झाली नव्हती.

हे गेल्यावर वर्षभराने मी कुंदाला सांगितलं. आता आम्ही दोघीच रोह्याच्या घरात असतो. भिजवलेले वाल सोलत बसलो होतो, दुपार होती. मी मान वर न करता सगळं सांगितलं. फरशीवरचा आवाज, टायर, मडगार्ड, अण्णांनी विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. तिने सोलणं थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हाही ती सोलतच होती. टोपलीतले वाल संपले तेव्हा तिने हात पुसले.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "पाय घसरला म्हणाली होतीस."

मी म्हटलं, "मला काय हवं ते बोल."

"माझ्या पायाचं मला काही नाही गं. तो गेला त्याला किती वर्षं झाली. पाय असता तर काय झालं असतं, हा विचार मी तिशीतच सोडून दिला." ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत तो तसा मी ऐकला नव्हता. "पण दादाला का नाही सांगितलंस? पावसाळा आला की माझा गुडघा आखडायचा. तो रोज संध्याकाळी तेल गरम करून आणायचा आणि चोळायचा, शाळेतून दमून आला तरी. बघितलंयस ना तू?"

बघितलं होतं. पडवीतल्या आरामखुर्चीशी तेलाची वाटी घेऊन बसलेले हे मला स्वयंपाकघरातून रोज दिसत. भावाची माया म्हणून मी ते बघत असे आणि मला बरंही वाटे.

"चोळताना तो कधी माझ्या तोंडाकडं बघायचा नाही," कुंदा म्हणाली. "एकदाही नाही. खाली मान घालून चोळायचा आणि तसाच उठून जायचा. मी किती वेळा म्हटलं, दादा, बघ ना जरा इकडं. इतकी वर्षं तू एका घरात होतीस. तू सांगितलं असतंस तर त्याला मान वर करता आली असती."

ती काठी घेऊन उठली. वालाचं पातेलं उचलायला मी पुढं झाले, तर तिने हाताने थांबवलं, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि भिंतीच्या आधाराने एक-एक पाऊल टाकत ते पातेलं स्वतःच आत घेऊन गेली. मी खाली सालींकडं बघत बसून राहिले.